न कापलेली बत्तीस पानं

माझे सासरे रावेतहून आमच्याकडे दापोडीला आले ते डोळ्यांमुळे. तोवर ते गावी एकटेच राहत, नदीकाठच्या तुकड्यात भाजी करत, आणि सुनेच्या राज्यात दोन खोल्यांत कोंडून घ्यायला मुळीच राजी नव्हते. पण एका पहाटे त्यांनी मेथी म्हणून गवताच्या जुड्या बांधून बाजारात नेल्या. लोक हसले. ते कानावर आल्यावर माझा नवरा जाऊन त्यांना बोचक्यासकट घेऊन आला. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट.

पुण्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्हीकडे मोतीबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा, उजवा वाचवायचा तर थंडीत ऑपरेशन. त्यांनी कार्तिकातली एक तारीख दिली आणि दोनदा बजावलं की ती चुकवलीत तर उजव्याचीही आशा सोडा. कार्तिकाला तीन महिने होते. तोवर मामंजी दारात बसून रस्त्यावरच्या आवाजांकडे तोंड करून दिवस काढत.

मी मॅट्रिक पास होते. आमच्या ओळीत तेवढी शिकलेली बाई मी एकटी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. कामगारांच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायच्या आणि त्या शेजारणींना तिखटमीठ लावून सांगायच्या, हा माझा दुपारचा उद्योग. मामंजींनी तो दारात बसून ऐकला असणार. एक दिवस म्हणाले, "पोरी, आमालाबी वाचून दाखव की कायतरी."

"काय वाचू?"

"नर्मदामाईची परिक्रमा कुनी लिवलीय का बघ."

नर्मदेची परिक्रमा म्हणजे ती आख्खी नदी उजव्या हाताला ठेवून पायी फिरायची. एका काठानं समुद्रापर्यंत, दुसऱ्या काठानं उगमापर्यंत, आणि जिथून निघालो तिथे परत. संसारातून मोकळं झाल्यावर ती करायचीच असं त्यांनी तरुणपणी मनाशी घेतलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा मुलगा लहान होता. मुलगा कामाला लागला तेव्हा शेत सुटेना. शेत सुटलं तेव्हा डोळे नव्हते. हे सगळं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं आणि मग तंबाखू मळायला घेतली.

वाचनालयातल्या कारकुनानं खालच्या फळीवरून एक पुस्तक काढून दिलं. कव्हर गेलेलं, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे नाव-गाव काही कळायला मार्ग नव्हता. कुणी एक गृहस्थ घर सोडून परिक्रमेला निघतो आणि शेवटी संन्यास घेतो, एवढं चाळून समजलं. मला ते पाहूनच जांभई आली. माझ्या डोक्यात तेव्हा एका विधवा डॉक्टरणीची कादंबरी अर्धी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेल्यावर दुपारी बसलो. नवरा पिंपरीच्या कंपनीत मशीनवर होता. तिसरी शिफ्ट करून आला की आतल्या खोलीत चारपर्यंत झोपे. म्हणून वाचायचं ते दबक्या आवाजात. मी पुस्तक उघडलं तर मामंजी म्हणाले, "थांब." त्यांनी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. तांब्यात पाणी भरून घेतलं आणि चाचपत आपल्या उजव्या हाताला ठेवलं. मग हात जोडून काहीतरी पुटपुटले.

"हे काय हो?"

"संकल्प सोडला. आता पुस्तक पुरं हुईस्तवर मी परिक्रमेत हाय. तू वाच, मी चालतो."

मग नेम सांगितले. पायांत काही घालायचं नाही. एकदाच जेवायचं, तेही कुणी वाढलं तर. मागायचं नाही. आणि नदी ओलांडायची नाही. मी म्हटलं, "नर्मदा इथून दोनशे कोस. ती कोण ओलांडायला बसलंय?" तर म्हणाले, "नदी ती नदी."

याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला आठ दिवस लागले. दापोडीचा पूल ओलांडला की पुणं. डॉक्टर पुण्याला. म्हणजे पुस्तक संपल्याशिवाय म्हातारा पूल ओलांडणार नव्हता. नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तू कशाला भरीला घातलंस त्यांना?" म्हणून वर मलाच. मी पानं मोजली, दिवस मोजले. रोज सहा-सात पानं वाचली तर तारखेच्या आत आरामात संपत होतं. तेव्हा म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याची हौस.

पहिले पंधरा दिवस कसे गेले कळलं नाही. मला वाचायला कंटाळा येई, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला आवडे. मी ओळ वाचली की त्यांच्या पायाची बोटं हलत. चढ आला की श्वास जोरात. घाट उतरताना ते मागे रेलून बसत. मी मुद्दाम भरभर वाचून पाही, तेव्हा ते म्हणत, "दमानं, पोरी. धाप लागती." मला हसू येई.

मग एके दिवशी त्यांचं बसकर झटकलं तर त्यातून वाळू पडली. बारीक, पांढरी, नदीतली असते तशी. आम्ही रेल्वेलाइनच्या अंगाला राहायचो. आमच्याकडे खडी होती, कोळशाची कच होती, धुरळा तर विचारू नका. वाळू नव्हती. नदीवर जाण्याइतकं त्यांना दिसत नव्हतं, आणि सबंध दुपार तर ते माझ्यासमोर होते.

"कुठे जाऊन आलात, मामंजी?"

"तूच तर नेलंस," ते म्हणाले.

पुढे एकदा वाचताना त्यांनी मधेच हात वर केला. "जरा हळू. आता उजव्या अंगाला कुत्रं येईल." मी पुढची ओळ वाचली आणि त्यात कुत्रा होता. काळा, एका कानाचा, परिक्रमावाल्याच्या उजव्या बाजूनं येऊन चालू लागलेला. मी स्वतःला समजावलं की त्यांनी हे कधीतरी कीर्तनात ऐकलं असेल. तरी त्या दिवशी मी दोनच पानं वाचली आणि उठून उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. बाहेर लख्ख ऊन होतं, आत नवरा घोरत होता, आणि मला दाराकडे पाठ करून बसवत नव्हतं.

त्यात माझा चुलतदीर आजारी पडला म्हणून, नंतर दिवाळी म्हणून, पंधराएक दिवस वाचनच झालं नाही. मामंजी तेवढे दिवस मुकाट बसून राहिले. मी विचारलं, "कंटाळा येतो का?" तर म्हणाले, "न्हाई. एका धर्मशाळेत पडून हाय." दिवाळीनंतर मी पानं मोजली. तारखेला दहा दिवस उरले होते आणि पानं शंभरावर. मी सकाळी थोडं, दुपारी जास्त, असं वाचायला लागले. घसा बसला.

अशात ती झाडी आली. परिक्रमेच्या वाटेवर एक मोठं अरण्य लागतं, आणि प्रकरणाच्या शेवटी तो गृहस्थ त्यात शिरतो. मी पान उलटायला गेले तर पान उलटेना. पुस्तक बांधताना दोन फर्मे, म्हणजे छापील कागदाच्या दोन घड्या, कापायच्या राहून गेल्या होत्या. सोळा आणि सोळा, बत्तीस पानं वरून आणि बाजूनं तशीच जोडलेली. खालून डोकावलं की अर्ध्यामुर्ध्या ओळी दिसत. झाड. काटे. परत झाड.

सुरी आणून ती पानं कापायला पाच मिनिटं लागली असती. पण मी विचार केला, बत्तीस पानं म्हणजे तीन दिवस. नुसती झाडंच तर आहेत. म्हाताऱ्याला कुठे कळणार आहे? आणि त्या पानांपर्यंत याआधी कुणी पोचलंच नव्हतं, तेव्हा मीच काय मोठं पाप करत होते? मी ती बत्तीस पानं एका चिमटीत धरून उलटली आणि पुढचं वाचायला लागले. पुढे समुद्र होता, नाव होती, पलीकडचा काठ होता.

मामंजींच्या पायाची बोटं थांबली.

"पोरी, झाडीतून भाईर कवा पडलो आपुन?"

"पडलो की. आत्ताच नाही का वाचलं?"

मी वाचत राहिले. त्या दिवसानंतर मी काहीही वाचलं तरी त्यांचे पाय हलले नाहीत. संध्याकाळी हातपाय धुताना मी त्यांच्या नडग्या पाहिल्या. दोन्हींवर बारीक ओरखडे, काटेरी झुडपातून चालत गेल्यावर उठतात तसे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वाट दिसंना झालीय." मला वाटलं, डोळ्यांचं सांगतायत. मी तसंच वाटून घेतलं.

दोन दिवसांनी बाजूचा सायकलवाला दारात आला. नमाजी, मवाळ माणूस. त्याचं दुकान आमच्या भिंतीला लागून होतं आणि मामंजींची त्याच्याशी चांगली बैठक जमली होती. त्याच्या हातात मामंजींची काठी.

"वहिनी, हे ठेवा. बाबांनी दिली मला. नको म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, हितं सगळं ठेवूनच पुढं जावं लागतं."

मी काठी घेतली. दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घेऊन आला. मग तंबाखूची चंची. चंची पाहून मात्र मी घाबरले. तिच्यावाचून ते एक तास राहत नसत. मग अंगावरची घोंगडी. त्या वेळी तो सायकलवाला उंबऱ्यापाशी थोडा घुटमळला. "बाबा माझ्या दुकानात येतात, पण मला बघत नाहीत. मी दुकानदार नाही, दुसरं कुणी आहे, असं वाटतं त्यांना. तुम्ही जरा लक्ष ठेवा, वहिनी." मी बरं म्हटलं आणि सगळ्या वस्तू ट्रंकेत टाकल्या. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बत्तीस पानांचंही सांगावं लागलं असतं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी शेवटचं पान वाचलं. तो गृहस्थ आपलंच श्राद्ध करतो, स्वतःच्या नावानं पिंड देतो, भगवं घेतो. मी पुस्तक मिटून म्हटलं, "झाली परिक्रमा, मामंजी. उद्या पूल ओलांडायला हरकत नाही."

"झाली म्हणतीस तर झाली," ते म्हणाले.

पुलावर रिक्षा आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "पानी वाजतंय," ते म्हणाले. "झाडीत कुठनं आली नदी?" मी म्हटलं, आपण दापोडीच्या पुलावर आहोत, तो पहा रेल्वेचा पूल, ती गाडी. आणि मग आठवलं की त्यांना दिसत नाही. पूल संपेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर खूश. पट्टी सुटली, महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. मामंजींना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता यायला लागली. नवऱ्यानं पेढे आणले. मामंजींनी त्या जाड भिंगांतून पेढ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, खोलीभर नजर फिरवली आणि नम्रपणे विचारलं, "कुनाचं घर हाय हे?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही.

त्यांना सगळं दिसत होतं आणि ते कशाकडेच बघत नव्हते. मी समोर उभी राहिले तरी त्यांची नजर माझ्या आजूबाजूनं वाट काढत जाई, दाट झाडांतून पलीकडचं पाहायला जावं तशी. चालताना ते हात पुढे करून फांद्या बाजूला सारत. रिकाम्या खोलीत. भर दुपारी. जेवायला वाढलं तर जेवत, नाही तर नाही. नवरा म्हणे, वय झालं. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं होतं असं, येतील ठिकाणावर. महिना गेला, दुसरा गेला. त्यांचं वजन उतरत चाललं. एका दुपारी ते भिंतीला पाठ लावून बसले होते आणि मी शेंगा सोलत होते. ते अगदी माझ्या कानाशी बोलावं तसं म्हणाले, "हाक मार गं कुनीतरी. मी अजून आतच हाय."

मी शेंगा तशाच टाकून वाचनालयात गेले. पुस्तक खालच्या फळीवरच होतं. माझ्यानंतर कुणी नेलं नव्हतं. घरी आणून भाजीच्या सुरीनं एकेक पान कापलं. मामंजींना वाचून दाखवायच्या आधी मी ते एकटीनं मोरीत बसून वाचून काढलं.

झाडीत शिरलं की प्रत्येक वस्तू जड व्हायला लागते, असं त्यात होतं. ती ज्याला त्याला देऊन टाकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. त्या गृहस्थानं आधी काठी दिली. मग घड्याळ. मग तंबाखूची चंची. मग घोंगडी. याच क्रमानं. ती पानं माझ्या सुरीनं पाच मिनिटांपूर्वी सुटी झाली होती, कडांवर अजून कागदाचा भुसा होता. ती कुणी वाचलेली असणं शक्यच नव्हतं. मोरीतला नळ ठिबकत होता, तो मी उठून घट्ट बंद केला.

आणि शेवटच्या चार पानांत आणखी एक गोष्ट होती. सगळं दिल्यावर त्याच्याजवळ एकच ओझं उरतं, ते म्हणजे आपलं घर आहे ही जाणीव. तीही तो तिथे ठेवतो आणि तेव्हाच झाडी संपते. यापुढे त्याला घर नाही. दिवस कलला की ज्या दारात असेल तिथल्या बाईला विचारायचं, आज राहू का? ती हो म्हणाली तर राहायचं. विचारायचं एकदाच. हो आलं नाही तर पुढची वाट धरायची.

ती चार पानं गाळता आली असती. किंवा मनानं काही जोडून, त्याला झाडीतून थेट घरी आणता आलं असतं. तिखटमीठ लावण्यात माझा हात धरणारी नव्हती कुणी. पण एकदा गाळून काय झालं ते भिंतीला पाठ लावून बाहेर बसलं होतं. आता खोटं वाचायची माझी छाती झाली नाही.

तीन दुपारी वाचलं, एक शब्द न सोडता. पहिल्याच पानाला त्यांच्या पायाची बोटं हलली आणि मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ वाचून मी वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे, आजूबाजूला नाही.

"लई वेळ लावलास, पोरी," ते म्हणाले आणि चहा मागितला.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. ते उठले, बाहेर जाऊन उंबऱ्यापलीकडे उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माई, आजचा मुक्काम हितं करू का?"

मी चेष्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. "करा की, मामंजी. भाडं नाही आमच्याकडे." ते तसेच उभे. मग मी नीट म्हटलं, "राहा." तेव्हा ते आत आले, जेवले, झोपले.

त्यानंतर रोज. पाच वर्षं. दिवसा ते एकदम साधे असत. नातवंडांना खांद्यावर घेत, सायकलवाल्याकडे बसून कंपन्यांच्या संपावर वाद घालत, रावेतची वांगी आणि इथली वांगी यावर मला बोल लावत. आणि दिवेलागणीला उंबऱ्यापलीकडे जाऊन परक्यासारखे हात जोडत. एकदा नवरा घरी होता. तो चिडून म्हणाला, "बाबा, तुमचंच घर आहे, काय हे रोजचं?" मामंजी त्याच्याकडे बघून हसले आणि तिथेच उभे राहिले. मी नळावरून येऊन 'राहा' म्हणेपर्यंत पाऊण तास. नवऱ्यानं नंतर तो विषय काढला नाही. म्हातारचळ, म्हणून सोडून दिलं.

मला सोडून देता येईना. मी 'राहा' न म्हटल्यास काय होईल ते मी एकटीनं वाचलं होतं. त्यामुळे पाच वर्षांत मी एकही संध्याकाळ घराबाहेर काढली नाही. लग्नांना जायचं ते अक्षता पडल्या की परत. शेजारणी नाटकाला गेल्या, मी नाही. नवरा म्हणे, "सरकारी नोकरी लागलीय का तुला, संध्याकाळी सही करायला?" मी काय सांगणार होते? सुरुवातीला त्या एका शब्दाचा मला अभिमान वाटे. माझ्या 'राहा'वर एक माणूस उभा होता. पुढे पुढे दुपार कलली की मी सारखी घड्याळाकडे बघायची, आणि त्याच्याही पुढे राग यायला लागला. म्हाताऱ्यावर, पुस्तकावर, आणि तीन दिवस वाचवणाऱ्या त्या मॅट्रिक पास बाईवर.

माझं माहेर चाकणचं. आई आजारी होती. मी सकाळच्या एस.टी.नं जायची आणि चारच्या गाडीनं परत फिरायची. आई म्हणायची, "आजची रात राहा की गं." मी म्हणायची, "नाही गं, घरी अडतं." शेवटच्या खेपेला तिनं माझा पदर धरला होता. तो मी सोडवून घेतला. ती दुसऱ्याच पहाटे गेली. आईनं मला 'राहा' म्हटलं आणि मी राहिले नाही, कारण मला दुसऱ्या कुणाला 'राहा' म्हणायचं होतं.

आईचे दिवसही रोज चारच्या गाडीनं परत फिरत उरकले, त्याला महिना झाला असेल. संध्याकाळची वेळ. मुलं बाहेर खेळत होती, नवरा दुसऱ्या शिफ्टला. मी दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होते. दिवा लावला होता. मागे उंबऱ्यावर पायांची चाहूल लागली.

"माई, आजचा मुक्काम हितं करू का?"

मी एक खडा काढला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मला वाटलं, आणखी एकदा विचारतील. ते विचारणार नाहीत हे मला पाठ होतं. मग वाटलं, एक दिवस पाहू तरी. एवढंच वाटलं, देवाशपथ, एवढंच. सूप पूर्ण निवडून झालं तेव्हा मी मान वळवली. दार उघडं होतं आणि उंबऱ्यापलीकडे कुणी नव्हतं. मी उठले नाही. तांदूळ धुऊन घेतले.

नवऱ्यानं रावेत पालथं घातलं, नदीचे दोन्ही काठ धुंडाळले, चौकीत फोटो दिला. सायकलवाल्यानं त्यांना अनवाणी नदीकडे जाताना पाहिलं होतं. चपला दाराशीच होत्या. पुढचा माग लागला नाही, आजतागायत नाही.

आठवड्यानं नवरा माझ्यासमोर बसला. पाच वर्षांत न काढलेला विषय त्यानं काढला. "त्या दिवशी बाबांनी तुला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "विचारलं असेल. स्टो चालू होता, त्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही."

त्यानं मान हलवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तरी किती करणार." तो वारला तोवर त्यानं मला त्याबद्दल एका शब्दानं दुखवलं नाही.

स्टो पेटवलेला नव्हता. मला ऐकू आलं होतं.